हातोहात जाणारा कण आणि रोजची पित्ताची गोळी

माटुंग्यातील माझ्या दवाखान्यात येणारे ज्येष्ठ रुग्ण बहुधा दोन पिशव्या घेऊन येतात. एकीत बाजारातून घेतलेली भाजी, केळीची पाने किंवा ताजी दळलेली कॉफी असते; दुसरीत औषधे असतात. ही दुसरी पिशवी मी टेबलावर रिकामी करायला सांगतो. रक्तदाबाची गोळी, मधुमेहाची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, कॅल्शियम. आणि जवळजवळ प्रत्येक पिशवीत एक गोळी अशी निघते, की जिचा उल्लेख रुग्ण 'ती सकाळी उपाशीपोटी घ्यायची' एवढाच करतात. ती कशासाठी, हे विचारले की उत्तर येते, "पित्ताची असावी. बरीच वर्षे चालू आहे."

गेल्या पावसाळ्यात ७४ वर्षांच्या एक काकू सुनेला बरोबर घेऊन आल्या. दोन-तीन महिन्यांपासून तळपायांना मुंग्या येत होत्या, चालताना तोल जात होता, थकवा होता. न्हाणीघरात दोनदा त्या पडता पडता वाचल्या होत्या. सुनेने औषधांची पिशवी उघडली आणि एक पट्टी माझ्यापुढे धरली. "डॉक्टर, बाकीच्या गोळ्या कशासाठी ते आईंना तोंडपाठ आहे. ही एकच कशासाठी ते त्यांनाही सांगता येत नाही, मलाही नाही. तुम्ही तरी सांगा."

मी जुने केसपेपर काढले. नऊ वर्षांपूर्वी गुडघेदुखीसाठी त्यांना मी दहा दिवस वेदनाशामक गोळी दिली होती आणि तिच्यापासून जठराचे रक्षण व्हावे म्हणून सोबत पॅन्टोप्राझोल ४० मिलिग्रॅम लिहिले होते, तेही दहाच दिवस. वेदनाशामक गोळी थांबली, ही थांबली नाही. त्यानंतर काकू कितीतरी वेळा माझ्याकडे येऊन गेल्या. प्रत्येक वेळी पट्टी मी पाहिली होती आणि केसपेपरवर 'औषधे पूर्ववत' असे लिहून मोकळा झालो होतो. सुनेच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. चूक काकूंची नव्हती, औषधविक्रेत्याचीही नव्हती. ती माझी होती.

रक्ततपासणीत काकूंचे जीवनसत्त्व ब-१२ बरेच कमी निघाले. त्या शुद्ध शाकाहारी आहेत, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतात आणि नऊ वर्षे जठरातील आम्ल दाबणारी गोळी घेत होत्या. ब-१२ कमी होण्याची ही तिन्ही कारणे आहेत. पहिले दोन टाळता येण्याजोगे नव्हते. तिसरे सहज टाळता आले असते.

'ही गोळी कशासाठी' या साध्या प्रश्नाचे नीट उत्तर द्यायचे तर एका अतिसूक्ष्म कणाची ओळख करून घ्यावी लागते. त्याचे नाव प्रोटॉन. या गोळीला वैद्यकशास्त्रात 'प्रोटॉन पंप रोधक' म्हणतात. हा कण पाण्यातून कसा फिरतो आणि शरीर त्याच्याकडून काय काम करून घेते, हे एकदा समजले की ही गोळी केव्हा घ्यावी, कशी घ्यावी आणि केव्हा थांबवावी हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

पाण्यातील रांग

हायड्रोजनचा अणू हा साऱ्या अणूंमध्ये हलका. त्यात एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन असतो. इलेक्ट्रॉन निघून गेला की उरतो तो केवळ प्रोटॉन. लिंबू, चिंच, कोकम, दही हे सारे आंबट लागतात, कारण त्यांतील आम्ले पाण्यात प्रोटॉन मोकळे करतात. आम्लता म्हणजे प्रोटॉनची गर्दी. ती मोजण्यासाठी डेन्मार्कच्या सोरेन्सन यांनी १९०९ साली 'पीएच' ही मोजपट्टी सुचवली. तिच्यावर आकडा एकाने उतरला की प्रोटॉन दहापट वाढतात, दोनाने उतरला की शंभरपट.

पाण्यात प्रोटॉन कधी एकटा हिंडत नाही. तो लगेच पाण्याच्या एखाद्या रेणूला चिकटतो. मग तो पुढे कसा जातो? आपण सर्वांनी इमारतीचा स्लॅब पडताना पाहिलेला आहे. खालपासून वरपर्यंत मजुरांची रांग उभी असते आणि सिमेंटकाँक्रीटचे घमेले हातोहात वर जाते. कोणीही मजूर जागा सोडून धावत नाही, तरी माल झपाट्याने वर पोहोचतो. प्रोटॉनचे असेच आहे. फरक एवढाच, की येथे प्रत्येकाच्या हातात आधीपासून घमेली आहेत. मागून एक आले की तो आपल्या हातातले दुसरे पुढे देतो. म्हणून रांगेच्या एका टोकाला जो प्रोटॉन शिरला, तोच दुसऱ्या टोकाला बाहेर पडतो असे नाही. या हातोहात पद्धतीमुळे पाण्यात प्रोटॉन सोडियमच्या कणापेक्षा सुमारे सातपट आणि पोटॅशियमच्या कणापेक्षा जवळजवळ पाचपट वेगाने सरकतो.

ही कल्पना प्रथम मांडली ती थिओडोर फॉन ग्रोटहुस या तरुणाने, १८०६ साली. तेव्हा त्याचे वय विशीच्या आसपास होते. पाण्यातून वीज गेली की त्याचे घटक वेगळे कसे होतात, याचा तो विचार करीत होता. त्या काळी प्रोटॉन कोणाला ठाऊक नव्हता. हे नाव रदरफर्ड यांनी १९२० साली दिले. तरीही कण एकाकडून दुसऱ्याकडे सोपवले जात असावेत हे त्याचे म्हणणे दोनशे वर्षांनंतरही मुळात खरे ठरले आहे.

हीच रांग पदार्थांतही लावता येते. हायड्रोजनवर चालणाऱ्या इंधनघटात प्लास्टिकसारखा दिसणारा एक पातळ पडदा असतो. एका बाजूला हायड्रोजन फुटतो. त्याचे प्रोटॉन पडद्यातील पाण्याच्या वाटांमधून पलीकडे जातात, इलेक्ट्रॉनला मात्र पडदा वाट देत नाही. ते तारेतून वळसा घेऊन जातात आणि तीच वीज. पलीकडे दोघांची प्राणवायूशी गाठ पडते आणि उरते ते पाणी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने 'केपीआयटी' या कंपनीबरोबर अशा घटावर चालणाऱ्या मोटारीची चाचणी ऑक्टोबर २०२० मध्ये घेतली. आमच्या माटुंग्यातील, १९३३ साली सुरू झालेली रासायनिक तंत्रज्ञान संस्था, जिला जुने माटुंगेकर अजून 'यूडीसीटी' म्हणतात, तिथेही हायड्रोजन तयार करण्याच्या पद्धतींवर संशोधन झाले आहे. या घटांच्या पडद्यात ओलावा टिकवावा लागतो. पडदा सुकला की रांग तुटते आणि वीज थांबते.

शरीरातील जलविद्युत केंद्रे

असाच पडदा आपल्या पेशींतही आहे. मुंबईला १९१५ साली खोपोलीहून वीज येऊ लागली. लोणावळ्याच्या परिसरात साठवलेले पाणी घाटाखाली सोडायचे आणि त्याच्या जोरावर चाके फिरवायची, असे ते तंत्र. पेशींतील मायटोकॉन्ड्रिया हेच करतात. आपण खाल्लेल्या अन्नातून मिळणारी शक्ती वापरून ते प्रोटॉन एका पडद्याच्या पलीकडे साठवतात. तेथून ते परत येताना एक सूक्ष्म चाक खरोखर फिरवतात आणि त्या फिरण्यातून 'एटीपी' नावाचे शरीराचे चलन तयार होते. इंग्लंडच्या पीटर मिचेल यांनी १९६१ साली हे मांडले तेव्हा अनेक जाणकारांना ते पटले नव्हते; १९७८ साली त्यांना त्यासाठीच नोबेल पुरस्कार मिळाला. पुढे चाकाची रचना आणि त्याचे काम उलगडणाऱ्या पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना १९९७ साली तो मिळाला.

याचा अर्थ असा, की जिना चढताना, बोलताना, झोपेत श्वास घेतानाही आपण प्रोटॉनच्या बळावर जगत असतो. म्हणून 'ॲसिड वाईट' हे सरसकट म्हणणे बरोबर नाही. प्रश्न असतो तो प्रोटॉन योग्य जागी आहेत की नाहीत, एवढाच.

रक्तात प्रोटॉन फारच थोडे असतात. सोडियमच्या तुलनेत सुमारे ३५ लाखांतून एक. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राखला जातो. फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून आणि मूत्रपिंडे जादा आम्ल लघवीवाटे काढून हा समतोल सांभाळतात. येथे एक खर्चाची गोष्ट सांगायला हवी. अल्कलाइन पाण्याची महागडी यंत्रे अनेक घरांत आई-वडिलांच्या काळजीपोटी आणली जातात. असे पाणी जठरात उतरताच तेथील आम्लाशी मिळते आणि त्याची अल्कता तिथेच संपते. रक्ताचा पीएच त्याने बदलत नाही, आणि तो बदलावा अशी इच्छाही धरू नये. ते पैसे न्हाणीघरात आधारदांडी बसवण्यासाठी खर्च झाले तर अधिक उपयोग होईल.

जठर, पित्त आणि पंप

आपण बोलण्यात 'पित्त झाले' असे म्हणतो. प्रत्यक्षात पित्त हे यकृतातून येते आणि ते अल्कधर्मी असते. छातीत जळजळ करणारा, घशाशी आंबट येणारा द्रव म्हणजे जठरातील आम्ल. ते तयार करणाऱ्या पेशींत प्रोटॉन पंप असतात. हा पंप एटीपी खर्च करून एक प्रोटॉन बाहेर ढकलतो आणि त्याबदली पोटॅशियमचा एक कण आत घेतो. रक्तात असलेल्या प्रोटॉनच्या दहा लाखपटीहून अधिक दाटी तो पेशीच्या बाहेर निर्माण करतो. शरीरात इतका मोठा चढ कोठेच नाही.

हे आम्ल निरुपयोगी नाही. अन्नातून आलेले पुष्कळ जंतू त्यात मरतात. अन्नातील प्रथिनांना चिकटलेले ब-१२ त्याच्या मदतीने सुटे होते. लोह आणि कॅल्शियम कार्बोनेट त्यात विरघळतात. जठराच्या आतील बाजूस संरक्षक थर असतो, म्हणून ते स्वतः भाजत नाही. अन्ननलिकेला तसा थर नाही. जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैल झाली, की आम्ल वर चढते आणि जळजळ होते. म्हणजे बहुतेक वेळा आम्ल जास्त झालेले नसते, ते चुकीच्या जागी गेलेले असते.

उपाशी असताना बहुतेक पंप पेशीच्या आत मिटून ठेवलेले असतात. जेवणाची वेळ झाली, फोडणीचा वास आला, तव्यावर डोसा पसरल्याचा आवाज आला, की ते पृष्ठभागावर येऊन कामाला लागतात. घास तोंडात जाण्याआधीच आम्लाची तयारी सुरू होते.

गोळी काय करते

पंप रोधक गोळ्यांची नावे 'प्राझोल' या अक्षरांनी संपतात: ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल. पट्टीवरचे मूळ औषधाचे नाव बारीक अक्षरांत असते, ते वाचावे. शेवटी 'म' असलेले अल्प्राझोलम हे चिंता व झोपेचे औषध आहे. त्याच्याशी गल्लत होऊ देऊ नये.

या गोळीचा प्रवास मोठा गमतीचा आहे. तिच्यावरचे आवरण तिला जठरातून सुखरूप आतड्यात नेते. तेथून ती रक्तात जाते आणि रक्तावाटे आम्ल तयार करणाऱ्या पेशींपर्यंत परत येते. तिथे पंपाने बाहेर टाकलेले प्रोटॉनच तिला चिकटतात, तेव्हा ती जागी होते आणि त्याच पंपाला घट्ट धरून त्याला कायमचा बंद पाडते. शरीर नवे पंप तयार करीपर्यंत आम्ल कमी राहते. या एका माहितीतून चार नियम निघतात.

पहिला: चालू पंपावरच गोळी काम करते, म्हणून ती न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी. जेवणानंतर किंवा झोपताना घेतली तर तिचा बराचसा उपयोग वाया जातो. गोळी घेऊन न्याहारी टाळली तरी तेच.

दुसरा: गोळी चावू नये, कुटू नये. आवरण फुटले की ती जठरातच निकामी होते. गिळण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांकडून दुसरा प्रकार मागून घ्यावा.

तिसरा: सगळे पंप एकाच वेळी कामावर नसतात, म्हणून पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात. पहिल्या दिवशी आराम पडला नाही म्हणून दुसरी गोळी घेऊ नये.

चौथा: आम्ल कमी झाल्याचे कळताच शरीर गॅस्ट्रिन नावाचे संप्रेरक वाढवते, म्हणजे आम्ल बनवा असा हुकूम अधिक जोराने सुटू लागतो. गोळी अचानक बंद केली की तो हुकूम अमलात येतो आणि पूर्वीपेक्षाही जास्त जळजळ होते. डेन्मार्कमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोणताही त्रास नसलेल्या १२० निरोगी व्यक्तींपैकी काहींना आठ आठवडे ही गोळी आणि काहींना नुसती दिखाऊ गोळी देण्यात आली. खरी गोळी थांबवल्यावर १०० पैकी ४४ जणांना आम्लाचा त्रास झाला. दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १५ होते. 'गोळी सोडली की त्रास होतो, म्हणजे मला ती आयुष्यभर हवीच' असे जे वाटते, ते बऱ्याचदा या उसळीमुळे.

वर्षानुवर्षे घेतल्यास

१९८८ साली ओमेप्राझोल बाजारात आले आणि या आजाराचे चित्र बदलले. माझ्या शिक्षणाच्या काळात फुटलेल्या अल्सरचे रुग्ण रात्री-अपरात्री शस्त्रक्रियेला घेतलेले मी पाहिले आहेत. या औषधांनी आणि हेलिकोबॅक्टर जंतूवरील उपचारांनी असे कितीतरी जीव वाचवले. म्हणून या गोळीची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. मात्र ती गरज नसताना वर्षानुवर्षे चालू राहिली तर ब-१२ कमी होऊ शकते, मॅग्नेशियम घटून पायांत गोळे येऊ शकतात, आतड्यांचे संसर्ग वाढू शकतात आणि क्वचित मूत्रपिंडाला सूज येते. दीर्घकाळ घेणाऱ्यांत हाडे मोडण्याचे प्रमाण काहीसे अधिक आढळले आहे. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१० साली हाडांबाबत आणि २०११ साली मॅग्नेशियमबाबत सूचना दिल्या. स्मृतिभ्रंशाशी संबंध असल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील; काही अभ्यासांत तो दिसला, इतरांत दिसला नाही, आणि गोळीमुळेच तो होतो असे सिद्ध झालेले नाही. त्या भीतीने आवश्यक गोळी सोडू नये.

ज्येष्ठांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी. पट्टीवर दुसऱ्या औषधाचे नाव जोडलेले आहे का? लेव्होसल्पिराइड जोडलेले असेल तर वृद्धांमध्ये हातांना कंप, चालण्यात संथपणा, चेहऱ्यावर निर्विकारपणा अशी कंपवातासारखी लक्षणे येऊ शकतात. डॉमपेरिडोन जोडलेले असेल तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका संभवतो. अशी जोडगोळी महिनोन्‌महिने चालू असेल तर डॉक्टरांना जरूर विचारावे.

कोणी थांबवू नये

ज्यांना पूर्वी अल्सरमधून रक्तस्राव झाला आहे, ज्यांच्या अन्ननलिकेत दुर्बिणीच्या तपासणीत गंभीर सूज किंवा 'बॅरेट' बदल आढळले आहेत, जे हृदयासाठी ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेतात, आणि ज्यांना वेदनाशामक गोळ्या सतत घ्याव्या लागतात, अशा ज्येष्ठांना ही गोळी बहुधा संरक्षणासाठीच दिलेली असते. त्यांनी हा लेख वाचून ती बंद करू नये. क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनी मात्र आपली गोळी ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल नाही ना, हे तपासून घ्यावे. ही दोन औषधे क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करतात. पॅन्टोप्राझोलने तो फारसा कमी होत नाही.

कशी थांबवावी

इतरांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने थांबवावी. साधारणपणे आधी मात्रा निम्मी करतात, दोन ते चार आठवड्यांनी एक दिवसाआड देतात आणि मग बंद करतात. मधल्या काळात जळजळ झाली तर आम्लनाशक द्रव औषधाने वेळ निभावता येते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम असलेले द्रव विचारल्याशिवाय घेऊ नयेत. रक्तदाब आणि हृदयाच्या अशक्तपणाच्या रुग्णांनी खाण्याचा सोडा व फेसाळणाऱ्या पुड्या टाळाव्यात. त्यांत सोडियम भरपूर असते.

आम्ल वर चढू नये यासाठी घरातच बरेच करता येते. रात्रीचे जेवण झोपण्याच्या तीन तास आधी आणि बेताचे असावे. पलंगाच्या उशाकडील पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा इंच उंच करावी. नुसत्या उशा वाढवल्याने पोट दुमडते आणि त्रास वाढतो. डाव्या कुशीवर झोपावे. परकराची नाडी, लेंग्याची नाडी किंवा कमरेचा पट्टा सैल ठेवावा. तंबाखू आणि मशेरी सोडावी. सकाळची फिल्टर कॉफी अनेकांना बाधत नाही. ज्यांना बाधते त्यांनी ती न्याहारीबरोबर घ्यावी. थंड दुधाने क्षणभर बरे वाटते, पण थोड्या वेळाने दूधच जठराला आणखी आम्ल करायला लावते. तो उपाय रोज करू नये.

ज्यांना गोळी चालू ठेवणे आवश्यक आहे, त्यांनी वर्षातून एकदा ब-१२ तपासावे. लघवीच्या गोळ्याही चालू असतील तर मॅग्नेशियमही पाहावे. कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळ्या जेवणाबरोबर घ्याव्यात, किंवा कॅल्शियम सायट्रेट घ्यावे. त्याला विरघळण्यासाठी जठरातील आम्लाची तितकी गरज नसते.

हे पित्त नव्हे

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हृदयविकाराचा झटका पुष्कळदा 'पित्त' म्हणून येतो. वृद्धांमध्ये, स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये छातीत नेहमीची कळ न येता नुसती जळजळ, पोटाच्या वरच्या भागात दडपण, मळमळ किंवा दम लागणे एवढेच असू शकते. अशी तक्रार नव्याने सुरू झाली असेल, घाम येत असेल, चालताना वाढत असेल, जबडा, खांदा किंवा हात दुखत असेल, तर गोळी किंवा सोडा देऊन वाट पाहू नये. ताबडतोब रुग्णालयात नेऊन ईसीजी काढावा. ईसीजी चांगला निघाला तर सगळ्यांनाच आनंद होईल. तो उशिरा काढल्याची हळहळ मात्र फार दिवस राहते.

तसेच काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणे, कारण नसताना वजन घटणे किंवा रक्त कमी होणे यांपैकी काही दिसले, तर ही गोळी घेत बसू नये. तपासणी करून घ्यावी.

काकूंना ब-१२ची इंजेक्शने सुरू केली आणि गोळी सहा आठवड्यांत हळूहळू बंद केली. दुसऱ्या टप्प्यावर त्यांना जळजळीचा त्रास झाला आणि "डॉक्टर, मला ती परत द्या," असा निरोप आला. सुनेने पलंगाखाली विटा लावल्या आणि रात्रीचे जेवण साडेसातवर आणले. तीन आठवड्यांनी त्रास ओसरला. पुढील काही महिन्यांत त्यांचा तोल पुष्कळ सुधारला. पायांच्या मुंग्या कमी झाल्या, पूर्णपणे गेल्या नाहीत. कदाचित जाणारही नाहीत. बराच काळ ब-१२ कमी राहिले की मज्जातंतूंची सगळीच हानी भरून येत नाही. हे मी त्यांना स्पष्ट सांगितले आणि माझ्या हातून झालेल्या चुकीबद्दल त्यांची क्षमा मागितली.

तेव्हापासून मी एक पद्धत ठेवली आहे. ही गोळी लिहिताना तिच्यापुढे 'कशासाठी' आणि 'कधीपर्यंत' हे दोन्ही मराठीत लिहितो. वाचकहो, पुढच्या वेळी आपल्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा औषधांची पूर्ण पिशवी न्या आणि प्रत्येक पट्टीवर बोट ठेवून हेच दोन प्रश्न विचारा. काळजीवाहकांनी तर ते अवश्य विचारावेत. डॉक्टर रागावणार नाहीत. रागावले तरी विचारावेत. मला ते नऊ वर्षांनी विचारले गेले.